बुडाला लागलेली उकड

वहिनी,

तुझी उकड मला जमते. अगदी तू सांगितलीस तशी, एक गुठळी नाही, भांड्याच्या बुडाला चिकटलेली एक कणी नाही. अडचण झाली ती तिथंच, आणि ती सांगावी कुणाला तर ऐकायला माणूस नाही. बायको बाळंतपणाला आगबोटीनं माहेरी गेलीय, आणि धाकट्याला सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. का नाही, ते येईलच पुढं. आज गिरणी बंद आहे. धाकटा गॅलरीत कोवळ्या उन्हात पाय पसरून बसलाय आणि मी आत तुला लिहायला बसलोय.

तुला वहिनी म्हणायची सवय मला काकांमुळे लागली. दोघंही काका दिवसभर 'वहिनी, पाणी', 'वहिनी, माझं धोतर कुठंय' करत, तेव्हा मीही तेच म्हणायला लागलो. पोटचा मुलगा आपल्याला वहिनी म्हणतो याचं तुला काही वाटलं असेल तर ते तू दाखवलं नाहीस. धाकटा मात्र पहिल्यापासून आई म्हणायचा. एकाच घरातल्या दोन भावांनी आईला दोन नावांनी हाक मारायची, यात मला आजवर काही विशेष वाटलं नव्हतं. गेल्या महिन्यापासून वाटतंय.

आपल्या गिरगावातल्या त्याच दोन खोल्या आहेत. बाबा गेले, काका आपापल्या बिऱ्हाडी गेले, आता आम्ही दोघं भाऊ आणि माझी बायको एवढेच. मी परळला एका गिरणीत कारकून आहे, सुताच्या तक्रारी बघतो. कुणी म्हणतं सूत तुटतं, कुणी म्हणतं गाठी फार, आणि मी ते का होतं ते शोधायचं. लोकांना हे काम कंटाळवाणं वाटतं. मला आवडतं. लहानपणी 'का' विचारून मी तुझं डोकं खायचो, आता त्याचाच पगार मिळतो. धाकटा कॉलेजात जातो. तू गेलीस तेव्हा तुझ्या पदराला धरून हिंडणारं पोर होतं, आता मिशा आल्यात आणि माझ्यापेक्षा वीतभर उंच झालाय. तुला जाऊन पंधराएक वर्षं होत आली.

बायको गेली आणि पाठोपाठ धाकट्याला मुदतीचा ताप आला. तू तापातच गेलीस, तेव्हा घरात ताप म्हटलं की मी रात्रभर उशाशी बसून राहतो हे तुला वेगळं सांगायला नको. मी रजा काढली. ताप हटता हटेना, आणि उतरला तेव्हा अंथरुणावर जे उरलं होतं त्याला भाऊ म्हणायचं म्हणून म्हणायचं. मनगटं अशी झाली होती की नाडी बघताना डॉक्टरांनीही हात हळूच धरला. ते म्हणाले, "ताप गेला, पण आता पोटात अन्न गेलं नाही तर तापानं केलं नाही ते उपास करील. मऊ द्या, आणि त्याला रुचेल ते द्या." रुचेल ते! मेतकूट-भात दिला, दोन घास. पेज दिली, वास घेऊन तोंड फिरवलं. मुगाचं कढण, दूध-भात, सगळ्याला तेच. रोज सकाळी त्याचं तोंड बघायची मला धास्ती वाटायला लागली. शेवटी मी वैतागून म्हटलं, "अरे, मग तुला हवंय तरी काय?" त्यानं डोळे मिटूनच सांगितलं, "आईची उकड."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. दुसरं काही मागितलं असतं तर हात टेकले असते, पण उकड मी तुझ्याकडूनच शिकलो होतो. आठवतंय ना? तुला कावळा शिवला की तू गॅलरीच्या दाराशी बाजूला बसायचीस, आणि घरात दुसरी बाई नाही. बाबा भात लावत आणि उकडीवर माझी नेमणूक. माझी नुकती मुंज झालेली, शेंडी हलवत मी चुलीपुढं. तू बसल्या जागेवरून हुकूम सोडतेयस. तेल तापलं का, मोहरी तडतडली का, हिंग घाल, मिरची, आलं, लसूण, कढीपत्ता. आता तांदळाचं पीठ कालवलेलं ताक ओत, आणि ढवळ. मी जरा खिडकीबाहेर बघितलं की तुला न बघता कळायचं. "ढवळ मेल्या, हात थांबवू नकोस! बुडाला लागली तर याद राख!" एकदा खरंच लागली तेव्हा तू मला सगळ्यांदेखत फैलावर घेतलंस. त्यानंतर माझी उकड पुन्हा लागली नाही. काका म्हणायचे, पोराच्या हातची वहिनींपेक्षा सरस होते. मी ते विसरलो नव्हतो.

तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात उकड केली. मऊसूत, वाफाळती, वर कच्च्या तेलाची धार. धाकट्याला पाठीला उशी देऊन बसवलं. त्यानं एक घास घेतला, जिभेवर घोळवला, गिळला, आणि वाटी खाली ठेवली. "चांगली झालीय," तो म्हणाला. "पण ही नाही."

ही नाही म्हणजे काय? मी उरलेली स्वतः खाल्ली. वहिनी, मी डोळे मिटून शपथेवर सांगतो, ती तुझीच उकड होती. पंगतीत बाबांच्या शेजारी बसून मी जी खाल्ली तीच. मग एका आईची उकड दोन भावांच्या तोंडात वेगळी कशी? मला त्याची काळजी होती हे खरं, पण त्याच्या जोडीला डोक्यात भुंगाही शिरला. गिरणीत सूत तुटायला लागलं की आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलतो. म्हटलं, इथंही तसंच करू.

आधी पीठ. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू अजून आहेत. पाठीत वाकल्यात, पण जीभ तशीच. मी विचारायला गेलो तर माळ ओढता ओढता म्हणाल्या, "तांदूळ रंगूनचा खाता नि उकड आईसारखी हवी! गावच्या तांदळाचं पीठ घे जा माझ्याकडचं. आणि वाटी परत आण हो, तुझ्या बायकोनं मागची अजून दिली नाहीये." त्या पिठाची केली. 'ही नाही.' मग ताक बदललं. गवळ्याकडून गोडं आणलं, दुसऱ्या दिवशी तेच आंबवून घातलं. काकू गॅलरीतून बघतच होत्या. "काय रे, ताकाचा वास घेत उभा राहिलायस? कापसाचा सौदा करायचाय का?" ताकानंही काही झालं नाही. मग वाटलं, पाणी. तुझ्या वेळी आपण वाडीतल्या विहिरीचं मचूळ पाणी वापरायचो, आता नळ आलाय. विहिरीचं आणून केली. मीठ कमी घातलं. धाकट्यानं घास घेतला, माझ्याकडं बघितलं, आणि त्याचे डोळे भरून आले. "दादा, तू उगाच त्रास घेतोस. खरंच छान झालीय." आणि वाटी बाजूला सारली. त्या दिवशी मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत उभा राहिलो. मला रडू आलं होतं, आणि रागही. तुझाही आला. शिकवलीस ती अर्धीच शिकवलीस की काय, असं वाटलं.

हे सुटलं ते गिरणीच्या शिपायामुळं. मालवणकडचा माणूस, साहेबांनी पाठवला म्हणून परळहून चालत आला होता. मी उकड ढवळत असताना दारात उभा. "रावसाहेब, सायबान इचारल्यान, कामार कधी येतलात? आनि धाकट्यांचो ताप उतारलो काय?" पळी भांड्यात तशीच ठेवून मी बाहेर गेलो. भला माणूस, त्याच्या स्वतःच्या पोराला असाच ताप येऊन गेलेला. काय दिलं, कसं दिलं, मी विचारत राहिलो आणि तो सांगत राहिला. आत आलो तर करपल्याचा वास. वरवरची उकड वाटीत काढून धाकट्याला नेऊन दिली आणि भांडं घासायला घ्यावं म्हणून मोरीकडं निघालो.

"दादा, कसला वास येतोय?"

"बुडाला लागली रे. भांडं भिजत घालतो."

"भिजत घालू नकोस!" गेले कित्येक दिवस ज्याचा आवाज अंथरुणाबाहेर येत नव्हता तो कोपरावर उठून बसला होता. "इकडं आण. त्यात ताक घाल. जरा मुरू दे. मग उलथन्यानं खरवड."

मी भांडं घेऊन त्याच्याजवळ जमिनीवर बसलो. ताक घातलं, मुरू दिलं, खरवडायला लागलो. पितळेवर उलथनं खर्र खर्र वाजलं तसा तो हसला. तांबूस पापुद्रे सुटले, ताकात मऊ पडले, वर मीठ घातलं. वाटीभर झालं. त्यानं ते सगळं खाल्लं, वहिनी. सगळं. बोटं चाटली. मला धड आनंदही करता येईना, इतका मी चकित झालो होतो.

"ही उकड," तो म्हणाला.

"ही खरवड आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे उकड ती, वाटीतली, मऊ. ही भांड्याला लागलेली."

त्यानं रिकाम्या वाटीत पुन्हा बोट फिरवलं. मग म्हणाला, "मला वाटायचं उकड म्हणजे हीच. तू कधी नाही खाल्लीस?" मी नाही म्हटलं. "मग तू आईची कुठली उकड खायचास?" आम्ही दोघं एकमेकांकडं बघून हसायला लागलो. इतकं हसलो की त्याला ठसका लागला आणि काकूंनी समोरून विचारलं, काय झालं म्हणून.

हसून झाल्यावर मी विचार करत बसलो. माझ्या मुंजीत तुझ्या पानात जेवलो, ते मातृभोजन, आणि दुसऱ्या दिवसापासून मी पुरुषांच्या पंगतीत. त्याच्या आधी मी तुझ्याबरोबर जेवायचो तेव्हा घरात बाबा एकटेच पुरुष होते. भांड्यात सगळ्यांना पुरेल इतकी मऊ उकड असायची. काका आले ते माझी मुंज झाल्यावर. मग गावाहून नोकरी शोधायला येणारे एकापाठोपाठ एक आले. भांडं तेच, चूल तीच, पंगत वाढली. तू वाढतेयस, कुणी तेल मागतंय, कुणी पाणी, चुलीवर उरलेली उकड निखाऱ्यावर तशीच बसलीय आणि तिच्याकडं बघायला कुणी नाही. माझ्या हातावर तू दाराशी बसून लक्ष ठेवायचीस. तुझ्या हाताशी कुणी नव्हतं. आम्ही हात धुऊन गॅलरीत सुपारी कातरत बसलो की मग तू आणि धाकटा पान मांडायचात. आणि त्याची मुंज व्हायच्या आधीच तू गेलीस. तो पंगतीत तुझ्या हातचं जेवलाच नाही. त्याला ठाऊक होतं ते भांड्याच्या बुडाचं.

मग मी मुद्दाम लावायला शिकलो. हे तू मला शिकवलं नव्हतंस, आणि सांगतो, ढवळण्यापेक्षा अवघड आहे. आच मोठी झाली की कडू होते, लहान राहिली की नुसती चिकटते. सगळ्यात अवघड म्हणजे हात बांधून उभं राहायचं. माझा हात आपोआप पळीकडं जातो आणि कानात तुझं 'मेल्या' ऐकू येतं. धाकटा अंथरुणावरून सूचना करतो. "अजून जरा थांब. आता वास आला. उतरव." एकदा म्हणाला, आई खरवडताना म्हणायची, 'ही आपली दोघांची, कुणाला सांगायची नाही.' मला ते ऐकून गंमत वाटली, आणि खरं सांगू का, हेवाही वाटला. मला तू कधी गुपित दिलं नाहीस. मला शिस्त दिलीस.

तो भिंतीला धरून उभा राहायला लागला, मग गॅलरीपर्यंत चालायला लागला. मी रोज त्याला वाटी द्यायचो आणि वरची मऊ उकड स्वतः खायचो. छान चाललं होतं. आणि तेरवा घास तोंडाशी नेता नेता त्याचा हात थांबला.

"दादा, भांड्यातून ही एवढीच निघते ना? वाटीभर?"

"फार तर."

"तेव्हाही तेवढीच निघत असणार. भांडं तेच आहे." तो वाटीत बघत होता. "मी पोटभर खायचो. मला आठवतंय, पोट तुडुंब भरायचं. मग आईला काय उरत असेल?"

मी काहीतरी म्हटलं, अरे भात असायचा, आमटी असायची. त्यानं मान हलवली. "उकडीच्या दिवशी दुसरं काही नसायचं." वाटी खाली ठेवली. परवा मी पुन्हा केली तर म्हणाला, नको, भूक नाही. भूक होती. मी त्याला घोटभर पाणी पिऊन भिंतीकडं तोंड करून निजताना बघितलं. नुकती कुठं त्याच्या गालावर मांसाची खूण दिसायला लागली होती, आणि आता माझ्याच हातानं केलेली गोष्ट त्याच्या घशाखाली उतरत नव्हती. मला पुन्हा तीच धास्ती वाटली.

काल मी काकूंकडं गेलो. तुझ्या जेवणाच्या वेळेला आपल्या घरात डोकावणारं दुसरं कोण होतं? म्हटलं, काकू, वहिनी शेवटी जेवायची तेव्हा तिच्या पानात काय असायचं?

त्यांनी माळ थांबवली. "आज पंधरा वर्षांनी विचारतोयस होय?" पण रागानं नाही म्हणाल्या, नवल वाटल्यासारखं म्हणाल्या. "उरेल ते असायचं. भात उरला तर भात. उकडीच्या दिवशी त्या लहान्याला भरवायची नि मग इथं माझ्या उंबऱ्याशी येऊन बसायची. मी विधवा, माझं रात्रीचं जेवण नाही, मूठभर लाह्या असायच्या. त्यातल्या द्यायची मी. असल्या तर. नसल्या तर पाणी पिऊन गप्पा मारायची नि जायची."

"तिला खरवड आवडायची का पण?"

"आवडायची का!" काकू हसल्या. तोंडात दात नाहीत, पण हसू अजून तसंच खट्याळ आहे. "अरे बाबा, आवड सांगायला कुणीतरी विचारावं लागतं. आम्हाला विचारलं कुणी? तूच पहिला. आणि तेही तिचं नि मला विचारतोयस." मग माळ पुन्हा ओढायला घेत म्हणाल्या, "लहान्याला भरवून आली की खुशीत असायची मात्र. तेवढं खरं."

मी गॅलरीतून घराकडं आलो तेव्हा धाकटा दारातच उभा होता, चौकटीला धरून. मी कुठं गेलो होतो ते त्याला कळलं होतं.

"काय म्हणाल्या काकू?"

मी चपला काढल्या. बराच वेळ लावून काढल्या. मग म्हणालो, "त्या म्हणाल्या, आईचं वेगळं काढलेलं असायचं. पंगत बसायच्या आधीच. वाटीत, झाकून. तुला भरवून झालं की ती ते खायची."

"मऊ उकड?"

"मऊ. वर तेल घालून."

"खरंच?"

"काकूंनी आपल्या डोळ्यांनी बघितलंय."

त्यानं एवढा मोठा श्वास सोडला की चौकटीवरचा त्याचा हात खाली आला. मग आत जाऊन बसला आणि म्हणाला, "मग आज करणारेस का?" मी चूल पेटवली. तो वाटी चाटूनपुसून जेवला. आज सकाळी अंघोळ करून स्वतःच्या पायांनी गॅलरीत गेला, आणि आता काकूंशी काहीतरी बोलतोय. मी काकूंना आधीच जाऊन सांगून ठेवलंय की तो विचारील. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "या वयात मला खोटं बोलायला लावतोस!" पण बोलतील.

तुझ्याबद्दल मला अजून पुष्कळ विचारायचंय, वहिनी. तुला आवडायची अशी एकही गोष्ट मला ठाऊक नाही. पण हा कागद घरात ठेवता येणार नाही. धाकटा वाचायला मिळेल ते वाचतो, पुडीचा कागदही सोडत नाही. त्यामुळं तो यायच्या आत हे चुलीत जाईल. एकच मागणं आहे. आम्हा दोघांतलं तुझ्याकडं आधी कोण येईल ते सांगता येत नाही, पण तो आला आणि त्यानं विचारलंच, तर माझं खोटं उघडं पाडू नकोस. तुझं वेगळं काढलेलं असायचं, एवढंच म्हण.